एका डब्यातल्या दस्त्या

आमच्या सक्करदऱ्याच्या घरात अजूनही रुमालाला कुणी रुमाल म्हणत नाही. दस्तीच म्हणतात. शिकायला पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात "माझी दस्ती कुठे गेली?" असं विचारलं आणि खोलीतल्या दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यानंतर मीही निमूटपणे हातरुमाल म्हणायला शिकले. पुढे केव्हातरी शब्दकोश चाळताना कळलं, की फारसीत दस्त म्हणजे हात, म्हणून दस्ती. आणि रुमालही फारसीच. रू म्हणजे चेहरा आणि माल म्हणजे पुसणारा. म्हणजे पुण्याचा हातरुमाल हा हाताचा तोंडपुसणा झाला! त्यापेक्षा आमची दस्ती बरी की नाही?

असो. दस्त्यांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. आजी १९९८ साली गेली. तिच्या लोखंडी पेटीत बिस्किटाचा एक मोठा चौकोनी डबा होता आणि त्यात सगळ्या घरादाराच्या दस्त्या. पणजोबांच्या, आजोबांच्या, तिच्या स्वतःच्या, आत्याच्या शाळेतल्या. कुणाला काही नको होतं म्हणून तो डबा माझ्याकडे आला. २००४ मध्ये मी एकदा सगळ्या अंथरून मोजल्या, तेव्हा त्रेचाळीस भरल्या. आज तीस आहेत. मधल्या तेरांचं काय झालं ते पुढे येईलच, आणि त्यावरून घरात जे झालं ते घरातल्या वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. :)

सगळ्यात जुनी दस्ती पणजोबांची. चांगली मोठी, लालभडक, वर पांढरे ठिपके. पणजोबा तपकीर ओढायचे. ती दस्ती धुवायचं काम आजीकडे, नवी सून म्हणून. "धुताना मी तोंड भितीकडे करतो," असं ती सांगायची. आता तपकीर ओढणाऱ्याने लालच दस्ती का घ्यावी, हे मला फार उशिरा कळलं. पांढऱ्यावर डाग दिसतात, दुसरं काय! मजा म्हणजे हाच हिशेब सातासमुद्रापार इंग्लंडातही चालू होता. अठराव्या शतकात तिकडे तपकिरीचं वेड पसरलं आणि पांढऱ्या लिननच्या रुमालांची पंचाईत झाली. तेव्हा त्यांना हवेसे झाले ते बंगालचे रंगीत रेशमी रुमाल. मुर्शिदाबाद, कासिमबाजार या भागात कापडाला बारीक बारीक गाठी मारून ते रंगात बुडवायचे. गाठ सोडली की तिथे पांढरा ठिपका. आपली बांधणीच की. या बांधण्यावरूनच बंडाना हा शब्द इंग्रजीत गेला. आज अमेरिकेतला काऊबॉय गळ्यात बांधतो ना, त्याचं मूळ इकडे आहे.

इंग्लंडातल्या विणकरांना अर्थातच हे सोसलं नाही. त्यांच्या ओरडीवरून तिथे कायदा झाला आणि १७०१ पासून हिंदुस्थानी रेशमी कापड देशात वापरायला बंदी आली. दुसऱ्या देशांना विकायला मात्र आणता येई. परिणाम काय झाला असेल? चोरटी आयात! मग १८०२ च्या सुमारास ग्लासगोच्या माँटिथ नावाच्या कारखानदाराने एक युक्ती काढली. सुती कापड आधी पक्क्या लाल रंगात रंगवायचं. मग त्याच्या बऱ्याच घड्या भोकं पाडलेल्या शिशाच्या दोन पत्र्यांमध्ये दाबून धरायच्या आणि त्या भोकांतून रंग उडवणारं पाणी सोडायचं. जिथे भोक तिथला लाल रंग जातो आणि पांढरा ठिपका उमटतो. म्हणजे गाठ मारायचे कष्टही वाचले आणि बोटंही. हे लाल कापड मग जहाजं भरभरून कुठे आलं म्हणता? हिंदुस्थानात!

पणजोबांच्या दस्तीवरचे ठिपके उलट्या बाजूनेही तितकेच स्वच्छ पांढरे आहेत. नुसत्या वरून छापलेल्या कापडात तसं होत नाही. ती हातात घेतली की मला त्या शिशाच्या पत्र्यांची आठवण होते. अजून तिचा रंग गेलेला नाही. तेल आणि तुरटी देऊन बसवलेला तो लाल रंग असा काही घट्ट असतो की विचारू नका.

मात्र आमच्याकडच्या तपकिरीने आणखी एक गोष्ट केली आहे. ग्लासगोवाल्यांना जमलं नसतं असे दोन फिकट तपकिरी डाग त्या दस्तीच्या एका कोपऱ्यात कायमचे आहेत. मी ते घालवायचा प्रयत्न केला नाही. पणजोबांचा फोटो घरात नाही. आहेत ते हे डाग.

दुसरी दस्ती खरं तर दस्ती नव्हेच. जाड मांजरपाटाचा हातभर चौकोन, एका टोकाला नाडी शिवलेली. यात उमरेडकडच्या शेतीचे मोडी कागद बांधलेले होते. आजी त्याला रुमालच म्हणायची, दस्ती नाही! लहानपणी मला वाटे ती चुकली. पण चुकले होते मी. जुन्या मराठी दफ्तरात कागदांचा गठ्ठा ज्या चौकोनी कापडात बांधतात त्याला रुमालच म्हणतात, आणि बांधलेल्या गठ्ठ्यालाही रुमालच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. इतिहासाची पुस्तकं वाचताना तळटिपांमध्ये 'रुमाल क्रमांक अमुक' असं दिसतं ते हेच. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते ३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, ते असले रुमाल सोडून सोडूनच. मला त्यात गंमत ही वाटते की मराठ्यांच्या राज्याचा हिशेब, पत्रं, तक्रारी, कर्जं असं सगळं शेवटी तोंड पुसायच्या शब्दात बांधलेलं राहिलं. कापड का, पेटी का नाही? याचं उत्तर सोपं आहे. गठ्ठा वाढला तरी कापड सामावून घेतं, घोड्यावर लादता येतं, आतल्या कागदाला वारा लागतो आणि धूळ बाहेर राहते.

आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे रुमाल पुसण्यापेक्षा बांधण्यासाठीच जास्त वापरला गेला. डोक्याला बांधायचा तोही रुमालच. शिदोरी बांधायची, पैशाची पुरचुंडी बांधायची, काही विसरायला नको म्हणून टोकाला गाठ मारायची. ठगांच्या गोष्टीत गळ्याला टाकतात तो रुमालसुद्धा खिशातला नव्हे, तो कमरेला गुंडाळायचा किंवा डोक्याचा लांब पट्टा. ज्या नर्मदेकाठच्या मुलखात स्लीमनने ठगांचा पाठलाग केला, तो १८१८ पर्यंत आमच्या नागपूरकर भोसल्यांचाच होता. पण त्या गोष्टी साहेबाने लिहिलेल्या. त्यात खरं किती आणि मीठमसाला किती यावर इतिहासकारांचं अजून जुंपलेलं असतं. आपण पुढे जाऊ.

बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक एका रुमालाखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरवतात, हे मी लहान असताना आजोबांच्या बोटाला धरून पाहिलेलं आहे. दोघं चेहऱ्यावर काही न दाखवता भलतीकडेच बघत असतात आणि खाली रुमालात घासाघीस चाललेली. आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. शेतमालाच्या बाजारातही असे झाकून सौदे व्हायचे, आणि त्यात शेतकरी नागवला जायचा. आपल्या वऱ्हाडात कारंज्याला १८८६ मध्येच कापसाचा नियमांखालचा बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा आला. पुढे बाजार समित्या आल्या आणि उघड लिलाव आला. थोडक्यात काय, रुमाल बाजूला काढायला कायदा करावा लागला!

आता डब्यातला सगळ्यात मोठा ढीग, पांढऱ्या दस्त्यांचा. या आजोबांच्या. आजोबा मिलमध्ये मागावर होते. नागपूरचं सगळं जगणं तेव्हा मिलच्या भोंग्यावर चालायचं. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून इथे, कापसाच्या मुलखात, जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भराव घालून गिरणी उभारली. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली म्हणून नाव एम्प्रेस. बेझनजी मेहता हे रेल्वेच्या माल खात्यातले गृहस्थ मॅनेजर झाले, त्यांना कापडातलं काही कळत नव्हतं म्हणतात, पण गिरणी त्यांनीच नावारूपाला आणली. १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला. सव्वाशे वर्षांनी, २००२ मध्ये, ती कायमची बंद झाली. आता त्या जागेवर मॉल आहे. मी तिथे जाते, कॉफीही पिते, उगीच नाटक कशाला करू!

तर मिलमधले कापडाचे उरलेसुरले तुकडे स्वस्तात मिळत, आणि आजी त्यांच्या दस्त्या करायची. कडा हाताने दुमडलेल्या, टाके इतके बारीक की मशीनचे वाटावेत. आजोबा मे महिन्यात एक ओली करून टोपीखाली ठेवायचे आणि दुसरीत कांदा बांधून खिशात. नागपूरच्या उन्हाळ्यात ज्याने खिशात कांदा बाळगला नाही तो नागपूरचा नाही! कांद्याने ऊन खरंच टळतं का ते डॉक्टरांना विचारा. ओल्या दस्तीने मात्र नक्की बरं वाटतं, पाणी उडून जाताना डोक्याची उष्णता घेऊन जातं.

गुरुवारी आजोबा ताजबागेत जायचे. सक्करदऱ्याहून उमरेड रोडने पायीच. ताजुद्दीन बाबांना १९०८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळातून राजे रघुजीराव भोसल्यांनी आमच्या या सक्करदऱ्याच्याच वाड्यात आणून ठेवलं होतं. १९२५ मध्ये बाबा गेले. दर्ग्यात शिरताना डोकं झाकायचं असतं. तेव्हा आजोबा टोपी पिशवीत टाकायचे आणि पांढरी दस्ती चारी टोकांना गाठी मारून डोक्यावर घालायचे. टोपी चालली असती की! एकदा विचारलं तर म्हणाले, "टोपी मिलची, दस्ती घरची." याचा अर्थ मला तेव्हाही कळला नव्हता, आताही अर्धाच कळतो.

त्याच दस्त्या एस.टी.च्या खिडकीतून आत पडायच्या. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर ही पहिली एस.टी. धावली. खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरायची पद्धत त्यानंतर किती दिवसांत निघाली असेल? माझ्या मते दुसऱ्याच दिवशी. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण कंडक्टरसुद्धा तो मानतो. बायकोशी भांडणारा माणूससुद्धा दुसऱ्याचा रुमाल उचलून फेकताना दहादा विचार करतो. गणेशपेठच्या स्टँडवर आजोबांच्या दोन दस्त्या अशाच गेल्या. जागा मिळाली नाही ती नाहीच, वर दस्तीही गेली.

उरल्या त्या भरतकामाच्या. आजीच्या आणि आत्याच्या. आत्याच्या पिढीला शाळेत शिवणाचा तास असायचा. साखळी टाका, उलटी टीप, काजाचा टाका, गाठीचा टाका, मच्छी टाका, सगळे एका रुमालावर करून बाईंना दाखवायचे. मार्क त्यावर. मग लग्नात रुखवतात हेच रुमाल मांडायचे, ताटावर झाकायला एक, पाण्याच्या तांब्यावर एक, कडेला क्रोशाची लेस. पाहुण्या बायका उलटा करून बघायच्या, कारण सुलटी बाजू कुणीही सजवतं, खरी परीक्षा मागच्या बाजूची. दोरे परदेशी कंपनीच्या शिक्क्याचे. डी.एम.सी. ही फ्रान्समधल्या म्यूलूझची, १७४६ पासूनची कंपनी. तिच्या लडीवरचा आकड्यांचा शिक्का आजीने डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला आहे, पुन्हा तोच निळा रंग मागता यावा म्हणून.

त्या निळ्या रंगाची एक कोयरी आजीने एका पांढऱ्या दस्तीच्या कोपऱ्यात भरली होती. लग्नानंतर घरातली पहिली भरलेली दस्ती. मला सगळ्यात आवडायची ती.

आता माझे पराक्रम. जुन्या दस्त्या जपायच्या कशा हे मी चुका करून शिकले. पहिली चूक, पणजोबांच्या लाल दस्तीला घाबरून मी ती वेगळी धुतली आणि आत्याची १९८० च्या आसपासची गुलाबी दोऱ्यांची दस्ती पांढऱ्यांबरोबर भिजवली. लाल जागची हलली नाही. गुलाबीने तीन पांढऱ्यांना रंग दिला, आणि तो काढण्याच्या नादात ब्लीचमध्ये एक पांढरी अशी काही कुजली की पिळताना फाटली. ही तेरांतली पहिली. दुसरी चूक खळीची. आजी खळ देऊन इस्त्री करून ठेवायची. दिसायला कडक, पण कसरीला मेजवानी! शिवाय खळ दिलेलं कापड एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिलं की घडीवरच तुटतं. खळ धुऊन काढायची, रिठ्याच्या पाण्यात, चोळायचं नाही, नुसतं दाबायचं. सावलीत वाळवायचं. घडी घालण्यापेक्षा सैल गुंडाळी बरी. घडी घातलीच तर दर दिवाळीला घडीची जागा बदलायची. पेटीचा गंज लागला तर लिंबू आणि मीठ, पण फक्त पांढऱ्यावर, आणि नंतर भरपूर पाणी. कडुनिंबाची वाळलेली पानं चालतात, मात्र कापडाला लागू द्यायची नाहीत, डाग पडतात. हे सगळं करून मी दस्त्या मलमलच्या फडक्यात ठेवल्या, नंबर घातले, वहीत नोंदी केल्या. घरचे म्हणायचे, अजब बंगल्याची शाखा उघडली हिने.

आणि मग २०२० आलं.

मी पुण्यात अडकलेले, डबा सक्करदऱ्याला, आत्याजवळ. मार्चअखेर सरकारने घरच्या घरी मास्क कसा करायचा याची पुस्तिका काढली. साध्या सुती रुमालाच्या घड्या घालायच्या आणि दोन रबरं लावायची, इतकं सोपं. दुकानं बंद. आत्याकडे शिवणयंत्र. तिने डबा उघडला आणि अकरा दस्त्या कापल्या. घंटागाडीवरच्या दोघांना, दूधवाल्याला, गल्लीत येणाऱ्या भाजीवालीला आणि तिच्या मुलाला, शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला. व्हिडिओवर तिने मला मोठ्या कौतुकाने एक मास्क दाखवला. त्याच्या उजव्या गालावर निळी कोयरी होती.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोकायच्या तोंडाले बांधाले काही नाही, अन् तू दस्त्या डब्यात निजवून ठेवतं. आई असती तं तिनं सोताच कापल्या असत्या." तीन आठवडे मी तिला फोन केला नाही. त्या दिवसांत तीन आठवडे म्हणजे काय, हे आज कळतं. ती एकटी होती आणि मी एका कोयरीसाठी रुसून बसले होते. पण रुसले होते हेही खरं, आणि अजूनही मला वाटतं की कोयरीची तेवढी सोडायला हरकत नव्हती. साध्या पांढऱ्या काय कमी होत्या?

२०२२ च्या दिवाळीत घरी गेले असताना बुधवार बाजारात गेले. तीच भाजीवाली. मेथी घेतली, शंभराची नोट दिली. तिने कमरेची पुरचुंडी काढली, गाठ सोडली. मास्कची शिवण तिने उसवली होती. मळकं, मऊ झालेलं कापड आणि कोपऱ्यात निळी कोयरी, एका बाजूने थोडी उसवलेली, पण रंग तोच. माझ्या तोंडाशी आलं होतं, ही मला द्या, मी दुसरी नवी आणून देते. ती सुट्टे मोजत होती. दोन वेळा मोजले, हातावर ठेवले, उरलेल्या पैशांवर चारी टोकं आवळली, गाठ मारली आणि मला म्हणाली, "बाई, मोठ्या बाईले सांगजा, तब्येत सांभाळजो म्हणा." मी मेथी घेऊन घरी आले. आत्याला निरोप सांगितला, कोयरीचं नाही सांगितलं. हे वाचून तिला कळेल.

त्यानंतर मी डबा पुण्याला नेला नाही. तिथेच ठेवला. यंदा मे महिन्यात आंब्याचं लोणचं घातलं तेव्हा आत्याने बरणीच्या तोंडाला दादरा हवा म्हणून हाक मारली. जुनं धोतर संपलं होतं. मी डबा उघडून आजोबांची एक पांढरी काढली, बावीस नंबरची, मधोमध मी रफू केलेली. आत्याने ती उजेडाकडे धरून बघितली, उलटी करून रफूही बघितला.

"टाके मोठे हायत तुह्ये," म्हणाली, आणि बांधून टाकली.